आधी कोणी झिजायचं?

बोटीच्या पंख्यांचं मला जुनं वेड आहे. बंदरावर गेलो की लोक मासळीचे भाव विचारतात आणि मी ओढून वर घेतलेल्या बोटींच्या बुडाशी घोटाळत राहतो. पोटात डिझेल इंजिन असलेल्या मोठ्या मच्छीमार नौकांना बहुधा ब्राँझचा पंखा असतो. त्याबद्दल वाद होत नाही. वाद रंगतो तो मागे टांगलेल्या आउटबोर्ड इंजिनांवरून. मालवण-तारकर्लीकडे पर्यटकांना फिरवणाऱ्या फायबरच्या बोटींवर ती सर्रास दिसतात. अशा मध्यम इंजिनांबरोबर बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमचा पंखा येतो. मग एक-दोन हंगाम गेले, पात्यांच्या कडा बोथटल्या, की मालकाच्या डोक्यात स्टेनलेस स्टीलचं खूळ शिरतं. किंमत साधारण तिप्पट-चौपट. घ्यावा का?

वेगाच्या शौकिनांचं उत्तर ठरलेलं असतं: घ्यावाच. त्यात तथ्यही आहे. पोलाद अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड, पण ताठही जवळपास तितक्याच पटीनं. ताकद तर त्याहून अधिक. म्हणून पातं पातळ ओतता येतं, पाणी कमी अडतं आणि पूर्ण जोर दिल्यावर पातं वाकून त्याचा पिच, म्हणजे एका फेरीत पंख्यानं पुढे कापायचं अंतर, बिघडत नाही. मात्र निम्म्या तक्रारी धातूच्या नसतातच, चुकीच्या पिचच्या असतात. पिच एक इंच बदलला की इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला दीडशे-दोनशेनी वरखाली होतात. तो हिशेब न करता महागडा पंखा आणणाऱ्याला माझी सहानुभूती नाही.

खरा प्रश्न खडकाशी गाठ पडल्यावर कळतो. अ‍ॅल्युमिनियमचं पातं वाकतं, कधी तुकडा उडतो. पोलादी पातं सहसा तग धरतं, पण धक्का कुठे जातो? आत, दांड्याकडे आणि गिअरकडे. पंख्याच्या मध्यभागी रबरी बुश असतो. तो अशा वेळी घसरून गिअर वाचवतो. पूर्वी त्या जागी मऊ धातूची एक पिन असे, ती तुटायची. तिथे मुद्दाम एक दुबळी जागा ठेवलेली असते, आणि अ‍ॅल्युमिनियमचा पंखा ही तशीच आणखी एक जागा. खडकाळ किनाऱ्यावर, भरती-ओहोटीला तळ बदलणाऱ्या खाडीच्या मुखाशी रोज ये-जा असेल तर मी अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूचा. दोन वाकलेले पंखे एका गिअरबॉक्सपेक्षा स्वस्त पडतात.

धक्का तरी आवाज करून येतो. गंज तसा येत नाही. आउटबोर्डचा खालचा भाग, ज्यात गिअर असतात, तो अ‍ॅल्युमिनियमचा. त्याला स्टीलचा पंखा लावला की दोन वेगळे धातू, भोवती खारं पाणी आणि आतून दोघांना जोडणारा दांडा: झाली बॅटरी. तिच्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं, पोलाद मजेत राहतं. रंग शाबूत असेपर्यंत काही दिसत नाही. जिथे ओरखडा पडला, तिथे सगळा मारा त्या चिमूटभर जागेवर होतो आणि खड्डा पडतो. हे टाळायला पंख्याच्या वरच्या बाजूला जस्ताचा किंवा तत्सम धातूचा एक ओबडधोबड तुकडा बसवलेला असतो. मेकॅनिक त्याला अ‍ॅनोड म्हणतात. दोघांच्या भांडणात झिजायचं ते त्यानं.

हा तुकडा कुणाच्या डोक्यातून निघाला ते शोधायला गेलो आणि पंखे बाजूलाच राहिले. कारण हाती लागले ते सर हम्फ्री डेव्हींचे 1824-25 सालचे निबंध.

खाणकामगारांच्या दिव्याचे डेव्ही, तेच. तेव्हा ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. ब्रिटिश युद्धनौकांच्या लाकडी बुडाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत आणि समुद्राचं पाणी ते पत्रे खाई. 1823 मध्ये नौदलाकडून सोसायटीला विचारणा झाली: उपाय काय? डेव्हींनी तर्क लढवला, की तांब्यापेक्षा लवकर झिजणारा धातू त्याला जोडला तर तांबं सुटेल. प्रयोगात वाटाण्याएवढं जस्त किंवा छोट्या लोखंडी खिळ्याचं टोक चाळीस-पन्नास चौरस इंच तांबं राखायला पुरलं. 22 जानेवारी 1824 ला त्यांनी हा निबंध सोसायटीपुढे वाचला.

या प्रयोगांत राबणाऱ्यांमध्ये मायकेल फॅरडे होते. त्याच फॅरडेंनी सोसायटीचं सदस्य होऊ नये म्हणून अध्यक्षमहाशयांनी आदल्या वर्षी जोर लावला होता. उपयोग झाला नाही. 8 जानेवारीला, म्हणजे निबंधाच्या दोन आठवडे आधी, फॅरडे निवडून आले. निबंधाच्या वाचनाला नवे सदस्य कोणत्या चेहऱ्यानं बसले असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढे प्रत्यक्ष जहाजं आली. डेव्हींच्या अहवालातलं ‘समारंग’ हे जहाज आपल्याकडचं: कोचीनला सागवानात बांधलेलं, 1822 साली पाण्यात उतरलेलं. त्याच्या बुडाला ओतीव लोखंडाचे तुकडे ‘रक्षक’ म्हणून बसवून 1824 च्या वसंतात ते नोव्हा स्कोशियाकडे पाठवलं. ते जानेवारी 1825 मध्ये परतलं आणि डेव्ही समाधानी होते. स्वतः डेव्हीही ‘कॉमेट’ नावाच्या वाफेच्या बोटीतून प्रयोगासाठी उत्तर समुद्रावर जाऊन आले होते. रसायनशास्त्र चोख होतं. बंदरात उभ्या जहाजांनी मात्र घोटाळा केला.

तांबं खरोखर झिजेनासं झालं होतं. पण ते झिजत होतं म्हणूनच बूड स्वच्छ राहत होतं! पाण्यात विरघळणारं तांबं शेवाळाला आणि बुडाला चिकटून वाढणाऱ्या बार्नेकलला विष. ते विरघळणं थांबलं आणि जहाजांच्या बुडांवर जंगल माजलं. पत्रे नव्यासारखे, जहाज मात्र बैलगाडीसारखं. 1825 मध्येच नौदलानं रक्षक काढायला सांगितलं. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं, वर्तमानपत्रांनी टर उडवली. डेव्ही गर्विष्ठ होते, त्यामुळे ते फार झोंबलं असणार. 1826 च्या अखेरीस त्यांना पक्षाघात झाला, पुढल्या वर्षी अध्यक्षपद सोडलं आणि 1829 मध्ये जिनिव्हात ते वारले.

मला या माणसावर अन्याय झाल्यासारखं वाटतं. त्यांना प्रश्न विचारला गेला होता तांबं वाचवण्याचा. ते त्यांनी वाचवलं. तांबं कशासाठी ठोकलंय, याची आठवण त्यांना कुणी करून द्यायला हवी होती. आणखी एक गंमत: 1808 मध्ये अ‍ॅल्युमिनियम वेगळं काढण्याच्या खटपटीत हेच डेव्ही होते. त्यांना ते जमलं नाही. जमलं ते डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांना, आणि साल होतं 1825, रक्षकांची नाचक्की झाली तेच!

लोखंडी आणि पोलादी जहाजं आली तेव्हा डेव्हींच्या युक्तीला चांगले दिवस आले. लोखंडाचं बूड मुळातच बार्नेकलला मारत नाही, त्यामुळे गंज थांबवल्यानं गमवायचं काही नव्हतं. आज पोलादी जहाजांपासून आउटबोर्डपर्यंत अ‍ॅनोड असतोच. तो धड असेल तर स्टीलचा पंखा बेलाशक लावावा. मोकळा समुद्र, लांबचा पल्ला, भरलेली बोट असेल तर पैसे वसूल होतील. चांगल्या कारागिराकडे तो पुन्हा पुन्हा दुरुस्तही होतो. अ‍ॅल्युमिनियमचं पातं मात्र दोन-चारदा ठोकून सरळ केलं की थकतं.

पण पंख्याच्या किमतीवर तासभर घासाघीस करणारे मालक अ‍ॅनोडकडे ढुंकून बघत नाहीत. तो साधारण अर्धा झिजला की बदलायचा असतो. बोट रंगवताना त्यावर ब्रश फिरवायचा नसतो, कारण रंगलेला अ‍ॅनोड पाण्याला लागतच नाही. समुद्रात जस्त चालतं. गोड्या पाण्यात त्यावर पापुद्रा धरतो आणि ते काम करेनासं होतं, म्हणून धरणात मॅग्नेशियम वापरतात. तेच मॅग्नेशियम खाऱ्या पाण्यात बघता बघता संपतं. आणि जिथे ओहोटीला गोडं, भरतीला खारं पाणी असतं, अशा आपल्या खाड्यांमध्ये मुद्दाम त्यासाठीच केलेला अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा अ‍ॅनोड घ्यावा.