पत्रा सरकतो, पत्रा वाकतो

नसरापूरच्या बाजारात घेतलेला पत्रा टेंपोतून वेल्ह्याला जातो. एवढी वळणे पार केली, तरी पत्र्याला त्याचे काहीच नसते. तोच पत्रा दोन वाशांवर टाकून मधोमध माणूस उभा राहिला, तर तो जेमतेम दोन बोटे खाली जातो. पण त्याच्या अंगात ताण उभा राहतो. पदार्थ जागा बदलल्याने मोडत नाही. त्यातल्या शेजारच्या बिंदूंमधले अंतर किंवा कोन बदलला, की तो मोडायच्या वाटेला लागतो. जागा बदलणे म्हणजे विस्थापन. हा आतला बदल म्हणजे विकृती.

नसरापूरवरून जाणाऱ्या महामार्गाने दक्षिणेला गेले, की पुढे सातारा जिल्हा लागतो. तिथल्या १०३ मीटर उंच कोयना धरणाला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने आडव्या भेगा पडल्या. भिंतीचा मागचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या उंचीच्या आसपास त्या होत्या. बर्कलीचे अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रबर्ती यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संगणकीय हिशेबातही मोठे ताण तिथेच निघाले.

असा हिशेब करताना भिंतीचे कागदावर लहान लहान तुकडे पाडतात. त्यांना सांत घटक म्हणतात. रूढ रीतीत तुकड्याचे विस्थापन आधी गृहीत धरतात आणि त्यावरून विकृती काढतात. साध्या चौकोनी तुकड्याच्या कडा मात्र सरळच राहतात. त्याला वाकवू गेले, तर नसलेली कर्तन विकृती हिशेबात शिरते. तुकडा खऱ्यापेक्षा ताठ ठरतो, वाक आणि ताण कमी दिसतात. चूक नेमकी धोक्याच्या बाजूला पडते.

१९७० च्या दशकात कार्डिफचे अॅशवेल आणि साबिर यांनी हा क्रम उलटा केला: आधी विकृती गृहीत धरायची, मग संकलन करून विस्थापन काढायचे. सपाट चौकोनाला चार कोपरे, प्रत्येकाच्या दोन हालचाली. म्हणजे आठ संख्या हाती असतात. तीन संख्या निव्वळ सरकण्या-फिरण्याला दिल्या, की विकृतीसाठी पाच उरतात. आडव्या विकृतीला दोन: एक स्थिर, एक उंचीनुसार बदलणारी. उभ्या विकृतीलाही तशाच दोन. कर्तनाला एकच, स्थिर. आता तुकडा खोट्या कर्तनाशिवाय वाकू शकतो, म्हणून थोड्या तुकड्यांतही उत्तर चांगले येते. छताच्या स्लॅबसारख्या पट्टांसाठीही हीच वाट आहे. तिथे विकृतीच्या जागी वक्रता आधी धरतात.

याची किंमतही आहे. विकृती मनाला येईल तशा धरता येत नाहीत. त्या परस्परांशी सुसंगत असाव्या लागतात. शिवाय कोपरे जुळले, तरी दोन कोपऱ्यांमधली कड शेजारच्या तुकड्याशी जुळेलच असे नाही. म्हणून तुकडे बारीक करत जाऊन उत्तर स्थिरावते का, हे पाहावेच लागते.

त्या आठांपैकी तीन संख्या म्हणजे पत्र्याचा वेल्ह्यापर्यंतचा प्रवास. वाशांवर उभ्या राहिलेल्या माणसाचा भार कळतो तो उरलेल्या पाचांत.