दारात आलेली सत्ता

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला की गावाचे बोलणेच बदलते. कालपर्यंत सोयाबीनच्या भावावर आणि लग्नाच्या तिथींवर बोलणारा पार आज पॅनेलवर बोलू लागतो. भावकीत दोन तट पडतात, सख्खे शेजारी नजर चुकवून जातात, आणि एरवी ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणून उठून जाणारा माणूस मतदार यादी पुढ्यात घेऊन हिशेब मांडत बसतो: कोणाच्या घरात किती मते, पुण्याला कामाला गेलेले किती, त्यांना आणायला गाडी कोण पाठवणार. पैसा, दारू आणि जात यांनी माणसे भडकतात, असे याचे एक ठरलेले स्पष्टीकरण आहे. दुसरे जरा अभ्यासू आहे. तट पडले की माणूस आपसूक तटाचा होतो, असे ते सांगते. दोन्हींत तथ्य आहे, पण मुख्य गोष्ट दोन्हींतून निसटते. माझ्या मते सामान्य माणूस निवडणुकीत पेटतो, कारण त्याच्या शब्दाला गावातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या शब्दाइतकेच वजन असण्याचा तेवढाच काळ त्याच्या वाट्याला येतो.

मतदानाचे आकडे म्हणजे काही मनातला ताप मोजणारे यंत्र नव्हे, तरी ते एक दिशा दाखवतात. जानेवारी २०२१ मध्ये, करोनाची भीती पुरती गेलेली नसताना, राज्यातल्या हजारो ग्रामपंचायतींसाठी सुमारे ७९ टक्के मतदान झाले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूर या जंगलाने व्यापलेल्या मतदारसंघात सुमारे ७२ टक्के लोकांनी मत दिले. मंत्रालय आणि शेअर बाजार ज्या दक्षिण मुंबईत आहेत, तिथे जेमतेम ५० टक्क्यांनी. राजकारणाची माहिती, वेळ आणि साधने जिथे सर्वांत जास्त, तिथे उत्साह सर्वांत कमी. ज्याचे काम एका फोनवर होते, त्याला मताची गरज कमी भासते. ज्याला तलाठ्याकडे चार खेपा घालाव्या लागतात, त्याच्यापाशी मताखेरीज दुसरे चलन नसते. मानववंशशास्त्रज्ञ मुकुलिका बॅनर्जी यांनी २००९ च्या निवडणुकीच्या वेळी देशातल्या अनेक ठिकाणी झालेल्या अभ्यासावर ‘व्हाय इंडिया व्होट्स?’ हे पुस्तक लिहिले. त्यातही लोक फायद्यातोट्याइतकेच रांगेतल्या समानतेबद्दल आणि मानाबद्दल बोलताना दिसतात.

एका मताने काय होते, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ फार पूर्वीपासून विचारत आले आहेत. अँथनी डाऊन्स यांनी १९५७ मध्येच दाखवले होते की लाखो मतांत आपले मत निर्णायक ठरण्याची शक्यता इतकी अल्प असते, की राजकारणाची माहिती मिळवण्याचे कष्ट न घेणे हेच हिशेबी माणसाला परवडते. हा हिशेब लोकसभेला लागू पडतो, जरी २०२४ मध्ये वायव्य मुंबईचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला असला तरी. गावातल्या वॉर्डात मात्र तो कोसळतो. तिथे मतदार काही शेकड्यांत असतात, दोन-चार मतांनी जागा जाते, आणि समसमान मते पडली तर चिठ्ठी टाकून निकाल लावावा लागतो. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या एका प्रभागातसुद्धा हेच घडले होते. प्रत्येक मत मोजले जाणार हे दिसत असते, म्हणूनच उमेदवार उंबरठ्यावर उभा राहून वयाने लहान असलेल्यालाही ‘लक्ष असू द्या’ म्हणतो.

समूहाच्या मानसशास्त्राचे म्हणणे अधिक गंभीरपणे घ्यायला हवे. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांची दोन गटांत विभागणी केली. त्यासाठी कारण सांगितले ते अगदी क्षुल्लक: कोणाला क्ले यांची चित्रे आवडली आणि कोणाला कॅन्डिन्स्की यांची. तरीही पैसे वाटण्याची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, आणि आपल्याला थोडे कमी मिळाले तरी चालेल पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त मिळावे, अशा रीतीनेही ती वागली. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, तरी तिथली चुरस विधानसभेहून कडवी असते, हे यावरून नीट उमगते. विचारसरणी नसली तरी तट पुरतो. पण तट तर बारा महिने असतातच: भावकीचे, वाड्यांचे, सोसायटीचे, देवळाच्या ट्रस्टचे. ते याच पंधरवड्यात सगळ्या गावाला ओढून का घेतात, हे ताजफेल यांच्या प्रयोगातून कळत नाही.

पैशाच्या बाबतीत लोक कार्य आणि कारण यांची अदलाबदल करतात. मताला किंमत आहे म्हणून पैसा येतो. २०२१ च्या त्याच निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे उघड झाले आणि राज्य निवडणूक आयोगाने दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. लिलावात पैसा होता, पण ज्याला बोली लावता येत नाही त्याचा शब्दच नाहीसा झाला होता.

खरा पेच आहे तो ग्रामसभेचा. मान आणि शब्द यांसाठीच माणूस पेटत असेल, तर ग्रामसभेत तो का दिसत नाही? कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांतली जी संख्या कमी असेल ती पुरते. तरीही सभा तहकूब होतात, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसल्यामुळे मोजक्या माणसांत ठराव होऊन जातात. यावरून लोकांना राजकारणाची आस्था नाही, केवळ तमाशा हवा असतो, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. मला तो अन्यायाचा वाटतो. ग्रामसभेत हात वर करायचा तो सरपंचासमोर, ज्याच्या रानात उद्या मजुरीला जायचे त्याच्यासमोर, ज्याच्याकडून बियाण्याला उसने घेतले त्याच्यासमोर. घरकुलाच्या यादीबद्दल प्रश्न विचारणाऱ्या बाईला ‘तुझं नाव बघू पुढच्या वेळी’ एवढे ऐकवले की ती पुन्हा उठत नाही. तिथे शब्दाचे वजन जमिनीवरून आणि जातीवरून ठरते. मतपेटीपुढे ते ठरत नाही, कारण तिथे आडोसा आहे आणि आत कोणी पाहत नाही. शिवाय प्रचारात माणूस एकटा नसतो. जे तोंडावर बोलायची छाती होत नाही, ते पॅनेलच्या आडून जोरात बोलता येते. गुलाल उधळणाऱ्या गर्दीतली पुष्कळशी कटुता अशी वर्षानुवर्षे गिळलेल्या शब्दांची असते.

गावात निदान चार सभा कागदावर असतात. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि नंतर जवळपास चार वर्षे २२७ नगरसेवकांच्या जागी एकटा प्रशासक कारभार पाहत होता. तुंबलेल्या गटाराची किंवा न आलेल्या पाण्याची तक्रार घेऊन चाळीतल्या माणसाने वॉर्ड ऑफिसच्या खिडकीशी जायचे आणि अर्जाची पोच घेऊन परतायचे. ज्याला पुन्हा आपल्याच दारात मत मागायला यायचे आहे, असा एकही माणूस त्या खिडकीपलीकडे नव्हता.