लाकडी जहाजाचं किट आणि तुमच्या संशोधनातलं ‘मॉडेल’



पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास असतं: “या अभ्यासासाठी अमुक मॉडेल वापरले जाईल.” प्रेझेंटेशनच्या दिवशी समितीतला कुणीतरी शांतपणे विचारतो, “या मॉडेलमध्ये तुम्ही काय सोडून दिलंय?” आणि उमेदवार गडबडतो. कारण मॉडेल म्हणजे खऱ्या गोष्टीची लहान, हुबेहूब प्रत, अशी आपली समजूत असते. हुबेहूब असेल तर सोडलंय काय?

ही समजूत आज मोडायची आहे. त्यासाठी मी उदाहरण घेतलंय लाकडी जहाजांच्या किटचं. समुद्रापासून इतक्या दूर भंडाऱ्यात बसून जहाज कशाला, असं वाटेल. पण थोडा धीर धरा, शेवटी आपण आपल्याच मामा तलावावर येणार आहोत.

किटमध्ये असतं काय?

दुकानात मिळणारं तयार शोभेचं जहाज वेगळं आणि किट वेगळं. किटच्या खोक्यात जहाज नसतं, जहाज होण्याची शक्यता असते. लेझरने कापलेल्या प्लायवूडचा एक लांब कणा, त्यावर खाचांमध्ये आडव्या बसणाऱ्या बरगड्या, त्या सांगाड्यावर चिकटवायच्या पातळ लाकडी पट्ट्या, डोलकाठ्यांसाठी गोल काड्या, दोऱ्या, शिडाचं कापड, नकाशे आणि सूचनांची पुस्तिका. सांगाडा जहाजाचा आकार ठरवतो, पट्ट्या त्याला कातडी देतात.

किट बनवणाऱ्याला तीन प्रश्न सोडवावे लागतात. मूळ जहाजाचा आकार कुठून कळला? लहान करताना काय जपायचं? आणि ज्याला आपण कधी भेटणार नाही, तो माणूस हे नीट जोडेल कसा? तुमच्या संशोधनात हेच प्रश्न डेटा, मॉडेल आणि कार्यपद्धती या नावांनी येतात.

पहिला प्रश्न: आकार कुठून आणायचा?

इथे दोन खरी जहाजं शेजारी ठेवून बघू.

पहिलं ‘ट्रिंकोमाली’. हे ब्रिटिश नौदलाचं लढाऊ जहाज, पण बांधलं आपल्या मुंबईच्या गोदीत, जमशेदजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली, मलबारच्या सागवानात. 12 ऑक्टोबर 1817 ला ते पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे तरंगतंय. त्याचा आराखडा मात्र मुंबईचा नव्हता, तो लंडनहून यायचा होता. गंमत म्हणजे लंडनचाही तो स्वतःचा नव्हता. 1782 मध्ये पकडलेल्या ‘हेबे’ या फ्रेंच जहाजावरून तो घेतला होता. आराखडे घेऊन निघालेलं ‘जावा’ हे जहाज डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी झालेल्या लढाईत नष्ट झालं. आराखडे पुन्हा पाठवावे लागले आणि प्रत्यक्ष काम सुरू व्हायला 1816 उजाडलं.

म्हणजे मुंबईच्या कारागिरांकडे सागवान होतं, हात होते, अनुभव होता. अडलं ते कागदावाचून. फ्रान्समध्ये तयार झालेला आकार रेषांमधून लंडनला आणि तिथून मुंबईला पोहोचला. एका अर्थाने हे पूर्ण आकाराचं किटच होतं, फक्त लाकूड स्थानिक!

दुसरं जहाज ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’. इथे उलट परिस्थिती. आधार होता अजिंठ्याच्या लेण्यातलं पाचव्या शतकातलं जहाजाचं चित्र. आराखडा नाही, अवशेष नाहीत, फक्त भिंतीवरचं सपाट चित्र. सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स यांच्यात जुलै 2023 मध्ये करार झाला. मुख्य कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली केरळच्या कारागिरांनी फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवल्या. फेब्रुवारी 2025 मध्ये जहाज पाण्यात उतरलं, 21 मे 2025 ला कारवारमध्ये नौदलात दाखल झालं. डिसेंबर 2025 च्या अखेरीस ते पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी 2026 मध्ये मस्कतला पोहोचलं.

सपाट चित्रात जहाजाची बाजू दिसते, तळाचा बाक दिसत नाही. रुंदी किती, वजन कुठे, वारा भरल्यावर किती कलेल, हे चित्रकाराने सांगितलेलं नाही. त्याला ते सांगायचंही नव्हतं. म्हणून आयआयटी मद्रासच्या महासागर अभियांत्रिकी विभागाच्या मदतीने पाण्यातल्या वर्तनाच्या चाचण्या घ्याव्या लागल्या. माणसं त्यात बसून समुद्रात जाणार होती. अंदाज चुकला असता तर किंमत जिवाची होती.

इथे एक गोष्ट टिपून ठेवा. दोन्ही जहाजांची किटं उद्या एकाच टेबलावर शेजारी दिसली, तरी त्यांच्यामागचा पुरावा एका जातीचा नाही. एकात मोजमाप आहे, दुसऱ्यात अनुमान. तुमच्या प्रबंधात कोणता आकडा मोजलेला आणि कोणता अनुमानाचा, हे वाचणाऱ्याला वेगळं दिसलंच पाहिजे.

दुसरा प्रश्न: लहान करताना काय जपायचं?

‘ट्रिंकोमाली’ची लांबी साधारण 150 फूट, म्हणजे 46 मीटरच्या आसपास. 1:64 प्रमाण घेतलं तर मॉडेल होतं सुमारे 71 सेंटीमीटरचं. टेबलावर छान बसतं. 10 सेंटीमीटर जाडीची फळी होते 1.6 मिलिमीटरची. इथपर्यंत नुसता भागाकार आहे.

आता लाकूड निवडू. मूळ जहाज सागवानाचं, मग मॉडेलही सागवानाचं करू, हे अगदी प्रामाणिक वाटतं ना? आपल्याकडे सागवानाला तोटा नाही. पण सागवानाचा तुकडा भिंगाखाली धरा. त्यातली मोठी छिद्रं साधारण 0.3 मिलिमीटरपर्यंत असतात. 0.3 ला 64 ने गुणा. मॉडेलच्या मापात ते 2 सेंटीमीटरच्या आसपासचं भोक झालं! मूळ जहाजाच्या फळ्यांना अशी भोकं असती तर ते मुंबई बंदराबाहेर गेलं नसतं. म्हणजे खरं लाकूड वापरून मॉडेल खोटं दिसू लागतं.

त्याऐवजी हळदू घ्या. आपल्या जंगलातलंच झाड, पिवळसर लाकूड, पोत इतका बारीक की त्याच्या पट्ट्या, कंगवे, बॉबिन करत आले आहेत. त्यावर हलका रंग दिला की 1:64 ला ते सागवानाच्या फळीसारखं दिसेल. साहित्य बदललं म्हणून दिसणं जपलं गेलं. जहाज लहान होतं, झाडाच्या पेशी लहान होत नाहीत.

शोभेच्या मॉडेलचं हे झालं. पाण्यात ओढून चाचणी घ्यायच्या मॉडेलची अडचण आणखी खोल आहे.

समजा 1:10 चं मॉडेल आहे आणि खरं जहाज 5 नॉट, म्हणजे सेकंदाला 2.57 मीटर वेगाने जातंय. मॉडेल किती वेगाने ओढायचं? एक दशांश वेगाने, असं उत्तर पटकन येतं आणि ते चूक आहे. जहाज पुढे जाताना जी लाटांची रचना तयार होते, ती मॉडेलभोवतीही तशीच हवी असेल, तर वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी करावा लागतो. 10 चं वर्गमूळ 3.16. म्हणून वेग सेकंदाला 0.81 मीटर. हा नियम विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने 1870 च्या आसपास प्रयोगांतून वापरात आणला.

पण पाणी जहाजाच्या अंगाला घासतंही. ते घर्षण तसंच्या तसं जपायचं, तर त्याच पाण्यात मॉडेल 10 पट वेगाने ओढावं लागेल, म्हणजे सेकंदाला 25.7 मीटर, ताशी 92 किलोमीटर! लाटा म्हणतात हळू, घर्षण म्हणतं पळ. दोन्ही अटी एकाच वेळी पाळता येत नाहीत.

मग फ्रूडने काय केलं? लाटा जपल्या, घर्षण सोडलं. पण सोडलं म्हणजे विसरला नाही. घर्षणाचा वाटा सपाट फळ्या पाण्यात ओढून वेगळा मोजला, हिशोबातून वजा केला आणि खऱ्या जहाजाच्या मापाने पुन्हा मिळवला. त्यानंतर ‘ग्रेहाउंड’ नावाचं अख्खं जहाज दुसऱ्या जहाजाकडून समुद्रात ओढवून मॉडेलचं उत्तर ताडून पाहिलं.

समितीच्या त्या प्रश्नाचं उत्तर याच घाटाचं असायला हवं: मी हे जपलं, ते सोडलं, सोडलेल्याचा हिशोब असा भरून काढला, आणि निकाल या ठिकाणी ताडून पाहीन. प्रयोगशाळेतला उंदीर, शेताचा नमुना-प्लॉट, 200 जणांची प्रश्नावली, संगणकावरचं सिम्युलेशन, काहीही असो. चार वाक्यं पुरतात, पण ती चारही हवीत.

तिसरा प्रश्न: दुसऱ्याला जमेल का?

इथे किट बनवणाऱ्याचं काम सगळ्यात किचकट होतं. दोन उदाहरणं देतो.

एक, पट्ट्या. जहाजाचा मध्य फुगीर आणि टोक निमुळतं. समजा मधल्या बरगडीवर एका बाजूची घेराची लांबी 120 मिलिमीटर आहे. 5 मिलिमीटर रुंदीच्या 24 पट्ट्या बरोबर बसल्या. पुढच्या टोकाला घेर फक्त 72 मिलिमीटर. पट्ट्या मात्र 24 च. म्हणजे टोकाला प्रत्येक पट्टी 3 मिलिमीटरपर्यंत रंधून निमुळती करावी लागणार. अनुभवी माणसाला हे सांगावं लागत नाही. नवशिक्याला पुस्तिकेत सांगितलं नाही, तर तो अख्ख्या पट्ट्या चिकटवत जाईल आणि पुढे त्या एकमेकींवर चढतील. डिझायनरला जे इतकं उघड वाटतं की लिहायचंच राहतं, तिथेच दुसऱ्याचं किट फसतं.

दोन, कापणी. लेझर स्वतः थोडं लाकूड जाळतो. समजा ती वाट 0.15 मिलिमीटरची आहे. नकाशात तिचा विचार केला नाही, तर प्रत्येक तुकडा तेवढा लहान होतो. असे 20 तुकडे एकापुढे एक जोडले की 3 मिलिमीटर गेले. 1:64 ला ते खऱ्या जहाजावरचे 19 सेंटीमीटर! ही चूक दर वेळी एकाच दिशेला असते, म्हणून कितीही तुकडे कापले तरी सरासरीत विरत नाही, साचत जाते. प्लायवूडची जाडी मात्र कधी जास्त कधी कमी भरते, तिचा स्वभाव वेगळा. पद्धतशीर त्रुटी आणि यादृच्छिक त्रुटी यातला फरक नेट-सेटला पाठ केला असेल, तो इथे हाताला लागतो.

त्यात आपलं हवामान. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत दमटपणाने फुगतं. भंडाऱ्याच्या मे महिन्यात कोरडी ठणठणीत कापलेली पट्टी जुलैच्या झडीत थोडी रुंद होते आणि तंतोतंत बसवलेला जोड उचकटतो. म्हणून मोजमापासोबत परिस्थितीही लिहायची असते.

चांगला किट बनवणारा म्हणूनच आधी नमुना स्वतः जोडतो, मग दुसऱ्याच्या हातात देतो आणि गप्प बसून बघतो. तो कुठे थांबला, कुठे कपाळाला आठी पडली, तिथे पुस्तिका अपुरी आहे. प्रबंधातल्या कार्यपद्धतीच्या प्रकरणाचीही हीच परीक्षा. तुमच्या लॅबमधल्या ज्युनियरला नुसतं ते प्रकरण द्या आणि तोंड बंद ठेवा.

आता तुमची पाळी

पेटची तयारी करता करता एका रविवारी हे करून बघा. गावच्या मामा तलावावर किंवा वैनगंगेच्या काठी ढिवर बांधवांचा डोंगा ओढून ठेवलेला असेल. मालकाची परवानगी घ्या. सोबत मेजर टेप, ओळंबा, सुतळी आणि वही. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत मधोमध सुतळी ताणा. दर 50 सेंटीमीटरवर खूण करा. प्रत्येक खुणेला सुतळीपासून काठापर्यंतचं अंतर आणि तळापर्यंतची खोली लिहा. तळाचा बाक धरायला मधल्या दोन-तीन उंचींवरही रुंदी घ्या. तयार झालेला आकड्यांचा तक्ता हाच त्या डोंग्याचा आराखडा. ‘ट्रिंकोमाली’चा आकारही अशाच रेषा-आकड्यांतून समुद्र ओलांडून आला होता.

मग मालकाला विचारा, “काका, यातलं काय बदललं तर हा डोंगा चालणार नाही?” ते बहुधा अशा गोष्टीकडे बोट दाखवतील जी तुम्ही मोजलीच नाही. ती मोजा. पुठ्ठ्यातून 1:10 च्या बरगड्या कापा, सूचना लिहा आणि सगळं दुसऱ्या तालुक्यातल्या मित्राकडे पाठवा. फोनवर समजावून सांगायचं नाही, एवढी एकच अट.

त्याने जोडलेला डोंगा आणि तलावावरचा डोंगा यांत जो फरक पडेल, तो नीट लिहून काढा. किती फरक मोजणीचा, किती पुठ्ठ्याचा, किती तुमच्या सूचनांचा, हे वेगळं करता आलं की सिनॉप्सिसमधलं “अमुक मॉडेल वापरले जाईल” हे वाक्य तुम्ही पुन्हा लिहायला बसाल. या वेळी ते एका वाक्यात मावणार नाही.