ईश्वरविषयक मतभेद व विवेकयुक्तता

ईश्वराच्या अस्तित्वासंबंधी परस्परविरोधी मते बाळगणाऱ्या दोन व्यक्ती एकाच वेळी विवेकयुक्त असू शकतात काय, हा धर्माच्या तत्त्वज्ञानातील एक वादग्रस्त प्रश्न. ‘ईश्वर आहे’ व ‘ईश्वर नाही’ ही विधाने एकाच अर्थाने घेतल्यास ती दोन्ही सत्य असू शकत नाहीत, हे उघड आहे. परंतु सत्यता हा विधानाचा धर्म होय. विवेकयुक्तता हा मात्र विधान, ते स्वीकारणारी व्यक्ती आणि तिच्यापाशी असलेला पुरावा यांतील संबंध होय. त्यामुळे असत्य विधानही विवेकाने स्वीकारलेले असू शकते. ट्यूको ब्राए (१५४६–१६०१) या डॅनिश ज्योतिर्विदाने पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत नाकारले. त्याचे एक कारण असे, की ते मत खरे असते, तर ताऱ्यांच्या स्थानांत जो पराशय दिसावयास हवा होता, तो त्याच्या अत्यंत काटेकोर वेधांतही आढळत नव्हता. वस्तुतः तारे त्याच्या कल्पनेपेक्षा कितीतरी दूर होते. फ्रीड्रिख बेसेल याने एका ताऱ्याचा पराशय विश्वसनीय रीतीने निश्चित केला तो १८३८ मध्ये. ट्यूको चुकला, पण तो अविवेकी होता असे म्हणता येणार नाही.

हाच विचार अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम रो याने १९७९ मध्ये ईश्वरविषयक मतांना लावला. समुद्रात विमान कोसळल्यावर पोहत तग धरून राहिलेल्या माणसाला आपण जिवंत आहोत हे माहीत असते; किनाऱ्यावरील त्याचे मित्र मात्र उपलब्ध पुराव्यावरून तो मृत झाला असे मानतात आणि तसे मानण्यात ते योग्यच असतात. रो स्वतः निरीश्वरवादी होता. ईश्वरवाद्याचे मत असत्य असले, तरी ते विवेकयुक्त असू शकते, या आपल्या भूमिकेला त्याने ‘मैत्रीपूर्ण निरीश्वरवाद’ म्हटले.

भारतीय दर्शनांत हा प्रश्न या शब्दांत मांडला गेला नाही. परंतु त्याला आवश्यक ती सामग्री तेथे विपुल आहे. नैयायिकांचे अनुमान असे : पृथ्वी, अंकुर इ. वस्तू कार्यरूप आहेत. घटाला जसा कुंभकार, तसा त्यांनाही बुद्धिमान कर्ता असला पाहिजे. यावर बौद्ध आचार्य धर्मकीर्ती (सु. सातवे शतक) याचा आक्षेप असा, की घट मातीचा असून कुंभकाराने केलेला आहे, एवढ्यावरून मातीचे वारूळही कुंभकाराचेच ठरवावे लागेल. कुमारिल भट्ट हा मीमांसक तर वेदांचे प्रामाण्य मानूनही जगत्कर्त्याचे खंडन करतो. शरीररहित कर्ता कार्य कसे करील आणि करुणेने निर्मिती केली असेल, तर सृष्टीत दुःख का, असे तो विचारतो. उदयनाचार्याने (सु. दहावे-अकरावे शतक) अशा आक्षेपांना न्यायकुसुमांजलीत उत्तरे दिली. अकराव्या शतकात रत्नकीर्ती या बौद्ध पंडिताने नैयायिकांच्या ईश्वरसाधनाचे पुन्हा सविस्तर खंडन केले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की हेतू, व्याप्ती आणि हेत्वाभास यांविषयीचे किमान काही नियम उभय पक्षांना मान्य होते. म्हणूनच वाद शक्य झाला आणि म्हणूनच प्रतिपक्षाला केवळ मूर्ख ठरवून चालण्यासारखे नव्हते. उदयनाने ग्रंथाच्या अखेरीस, ईश्वराचे खंडन करणारेही त्या निमित्ताने त्याचेच चिंतन करीत असतात, तेव्हा त्यांनाही तारावे, अशी प्रार्थना केली आहे. जैनांच्या अनेकांतवादाचा आधार घेऊन सर्व मते सारखीच खरी मानण्याची प्रथा अलीकडे रूढ झाली आहे. ती फारशी विचारपूर्वक नाही. अनेकांतवादी जैन आचार्यांनीही जगत्कर्त्या ईश्वराचे स्पष्ट खंडन केले आहे.

रोच्या दृष्टांतातील मित्रांना पोहणाऱ्याची स्थिती ठाऊक नसते. परंतु दोन्ही पक्षांनी एकमेकांची प्रमाणे ऐकून, तपासून घेतल्यानंतरही मतभेद उरला तर काय, हा खरा अवघड भाग होय. रिचर्ड फेल्डमन याच्या मते पुरावा एकच असेल, तर तो दोन विरुद्ध निष्कर्षांना समर्थन देऊ शकत नाही; बुद्धीने समकक्ष असलेल्या व्यक्तींनी अशा वेळी निर्णय स्थगित ठेवावा. या युक्तिवादाचे बळ नाकारता येत नाही. तथापि पुरावा संपूर्णपणे परस्परांना देता येतो, हे त्याचे गृहीत संशयास्पद आहे. विल्यम ॲल्स्टन याने १९९१ मध्ये मांडल्याप्रमाणे ईश्वरानुभव हा अनुभवणाऱ्याला काही अंशी समर्थन देत असेल, तर त्या अनुभवाचे केवळ वर्णन ऐकणाऱ्याला तेवढेच समर्थन लाभत नाही. जगातील दुःखाने ज्याचे मन हादरले आहे, त्याच्या बाबतीतही हेच म्हणावे लागते. शिवाय विविध धर्मांच्या साधकांचे अनुभव परस्परांशी जुळत नाहीत, ही अडचण ॲल्स्टनलाही मान्य करावी लागली. तिच्यामुळे समर्थन दुबळे होते, पण नाहीसे होत नाही, असे त्याचे म्हणणे. फेल्डमनच्या तत्त्वापुढेही एक अडचण आहे : त्या तत्त्वाविषयीच जाणकारांत मतभेद असल्याने त्याच्याच न्यायाने त्यावरील विश्वासही स्थगित ठेवावा लागेल.