अभ्यासक्रम घडविणाऱ्या हंसाबेन

विद्यापीठ म्हटले की आपणा बडोदेकरांच्या डोळ्यांपुढे कॉलेजचा तो भव्य घुमट उभा राहतो. परंतु विद्यापीठ खरे घडते ते बैठकीच्या मेजाभोवती. कोणता विषय शिकवावा, त्याला पदवी द्यावी की नाही, याचा निर्णय तेथे होतो. हे काम आपल्याकडे 1949 ते 1958 या काळात श्रीमती हंसा मेहता यांनी केले. संस्थानचे दिवाण सर मनुभाई मेहता यांच्या त्या कन्या.

बडोदे कॉलेज 1881 पासून चालू होते, पण परीक्षा मुंबई विद्यापीठाच्या आणि अभ्यासक्रमही तिकडचाच. आपले स्वतंत्र विद्यापीठ असावे ही श्रीमंत सयाजीराव महाराजांची इच्छा. ती 1939 साली त्यांच्या निधनापर्यंत अपुरीच राहिली. दहा वर्षांनी विद्यापीठ झाले, तेव्हा मुंबईचाच अभ्यासक्रम उचलून त्यावर आपला शिक्का मारणे सोपे होते. पहिल्या कुलगुरू हंसाबेन यांनी तेवढ्यावर भागविले नाही.

1950 साली ललितकला विद्याशाखा निघाली. चित्रकार आणि शिल्पकार यांना विद्यापीठाची पदवी मिळू लागली. हाताच्या कामाला कलेतिहासाच्या अभ्यासाची जोड मिळाली. चित्रकला विभागाचे प्रमुख म्हणून आले ते इंदूरचे ना. श्री. बेंद्रे. गृहविज्ञान आणि समाजकार्य यांनाही स्वतंत्र विद्याशाखा लाभल्या. स्वयंपाकघराला पदवी कशाला, असे कोणाच्याही मनात यावे. पण आहारशास्त्र आणि बालसंगोपन ही शास्त्रेच आहेत, हे त्या अभ्यासक्रमाने दाखवून दिले.

मात्र यावरून हंसाबेन मुलींना चुलीपाशीच ठेवू पाहत होत्या, असे कोणी समजू नये. मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे असावेत काय, याचा विचार करणाऱ्या समितीच्या त्या पुढे अध्यक्षा झाल्या. केवळ मुलगी म्हणून वेगळा अभ्यासक्रम नको, असा त्या समितीचा निष्कर्ष होता. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पुरुषवाचक इंग्रजी शब्द बदलून तेथे ‘सर्व मानव’ या अर्थाचे शब्द घालण्याचा आग्रह धरणाऱ्या बाईंचे मत याहून निराळे कसे असणार?

1995 साली त्या निवर्तल्या. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेवर कर्त्याचे नाव छापलेले नसते. पण आपल्या घरची एखादी लेक किंवा सून त्या विद्याशाखांची पदवी घेऊन आली असेल, तर त्या पदवीमागे कोणाचे श्रम होते, हे तिला जरूर सांगावे.