मोठा मासा, जुना हिशेब

पाच किलोचा मासा जाळ्यातून बाहेर आला की सगळ्यांचे मोबाइल आधी बाहेर येतात. छोट्याला कोण विचारतंय! पण मोठा म्हणजे बहुतेक वेळा वयानंही मोठा. वय नेमकं किती, तेही कळतं. माशाच्या कानात एक बारीकसा खडा असतो, ओटोलिथ. झाडाच्या खोडासारखी त्यात वर्षाची वर्तुळं असतात.

या वयाला घाबरायचं ते पाऱ्यामुळे. कॅनडातल्या ड्रायडन गावच्या एका कारखान्याने १९६२ ते १९७० या काळात सुमारे नऊ टन पारा वाबिगून नदीत सोडला. गाळातल्या जिवाणूंनी त्याचं मिथाइल मर्क्युरी केलं. हे रसायन स्नायूंतल्या प्रथिनांना चिकटतं आणि शरीराबाहेर पडतं अगदी सावकाश. शेवाळातून किड्यात, किड्यातून छोट्या माशात, तिथून वॉलाय या शिकारी माशात. वॉलाय जितकी वर्षं जगला, तितका साठा वाढला. नदीच्या खालच्या अंगाला ग्रासी नॅरोजचे मूळनिवासी राहतात. मासा हेच त्यांचं जेवण आणि हीच कमाई. १९७० मध्ये मासेमारीचा धंदा बंद झाला. हातपाय बधिर होणं, थरथरणं, नजर आक्रसणं मात्र सुरू राहिलं. जपानमधल्या मिनामाताच्या रुग्णांसाठी झटणारे डॉ. मासाझुमी हाराडा १९७५ मध्ये तिथे गेले, तेव्हा त्यांना तीच लक्षणं दिसली.

मग छोटे मासे खा, विषय संपला? इतकं सोपं नाही. तांबं आणि जस्त शरीराला लागतंच, त्यामुळे मासा त्यांचं प्रमाण स्वतः सांभाळतो. वय वाढलं म्हणून ते वाढेलच असं नाही, कधी कधी तर पिल्लातच जास्त सापडतं. कॅडमियम यकृतात आणि मूत्रपिंडात बसतं, शिसं कल्ल्यांत आणि हाडांत. म्हणजे घाण पाण्यातली बारीक मासळी काट्या-आतड्यासकट खाल्ली, तर हिशेब वेगळा. आणि धुऊन, तळून, कोकम लावून यातलं काहीही जात नाही, आजी काहीही म्हणो.

आपल्याकडे शेततळ्यातला रोहू वर्ष-दीड वर्षात बाजारात येतो, तो शिकारीही नाही. मरळ, शिंगाळा हे दुसऱ्यांना खाऊन वाढणारे. त्यामुळे मासेवाल्या मावशींना भावाबरोबर ‘कुठल्या पाण्यातला?’ हेही विचारावं. ऑन्टारिओत सरकारच तक्ता देतं: कोणतं तळं, कोणता मासा, किती सेंटिमीटरचा आणि महिन्यातून किती वेळा खायचा. मुलांसाठी आणि पुढे आई होऊ शकणाऱ्या बायकांसाठी त्यात वेगळे आकडे असतात.