आरसा हलतोय, पण नेमका कुठून?

ज्यांना कानात इयरफोन घालून ऐकण्यापेक्षा मोबाइल बोनेटवर ठेवून वाचत वाचत काम करायचंय, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. विषय आहे फोर बाय फोर गाडीचा ढिला झालेला साइड मिरर.

गाडी थार असो, जिप्सी असो, जिमनी असो, नाहीतर एखाद्या काकांकडून घेतलेली जुनी जीप असो, प्रत्येकीचा आरसा वेगळा. पण तो हलतो तेव्हा सहसा तीनपैकी एका ठिकाणी हलतो. एक, जिथे त्याचा पाया दाराच्या पत्र्याला बसतो तिथे. दोन, जिथे तो घडी होतो त्या सांध्यात. आणि तीन, घरातल्या घरात, म्हणजे फक्त आतली काच. बहुतेक लोक हे न बघता दिसेल तो स्क्रू आवळतात. चार दिवसांनी आरसा परत नाचायला लागतो आणि शिव्या मात्र गाडीला!

आता कोणी म्हणेल, थोडा हलला तर काय बिघडलं? बिघडतं, आणि त्याचं कारण शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. आरसा एक अंश वळला की परावर्तित किरण दोन अंश वळतो. म्हणजे थरथर दुप्पट होऊन डोळ्यांपर्यंत येते. तीस मीटर मागे दोन अंश म्हणजे साधारण एक मीटर. मागून येणारा बाइकवाला तुमच्या लेनमध्ये आहे की शेजारून निघालाय, हे ठरवायला तेवढा एक मीटर पुरेसा आहे.

पावसाळ्यात रात्री मुळशीकडून ताम्हिणी उतरताना मी हे बघितलंय. मागे दिवे होते, पण हलत्या ओल्या काचेत त्यांची नुसती पिवळी रेघ दिसत होती. एक ट्रक की दोन दुचाक्या, काही कळेना. शेवटी जागा बघून कडेला थांबले, तर शेजारून तीन दुचाक्या गेल्या. तीन!

असो. आधी तपास. गाडी सपाट जागी उभी करा आणि इंजिन चालू ठेवा. मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर टाका आणि आरशाचं पंधरा-वीस सेकंद शूटिंग करा, पाया, सांधा आणि काच तिन्ही फ्रेममध्ये येतील असं. नुसत्या डोळ्यांना जी थरथर एकसारखी वाटते, ती स्लो मोशनमध्ये वेगवेगळी दिसते. पाया स्थिर आणि वरचं घर डुलतंय, तर सांधा. घर स्थिर आणि आतलं प्रतिबिंब उडतंय, तर काच. मग इंजिन बंद करून हाताने हलवून खात्री करा. आणि दोन्ही आरसे फक्त आयडलिंगलाच थरथरत असतील, रेस दिल्यावर शांत होत असतील, तर आधी इंजिन माउंटिंग तपासून घ्या. ठराविक वेगालाच थरथर सुरू होत असेल तर चाकांचं बॅलन्सिंग बघा. मोठ्या गोट्यांचे मड टायर असतील तर विशेषच.

आता पाया. माझ्या मते खरा खेळ इथेच आहे. या गाड्यांची बॉडी लॅडर चॅसीवर बसलेली, सस्पेन्शन कडक आणि रस्ता आपण मुद्दाम वाईट निवडलेला. नट-बोल्ट ढिले होतात ते नुसत्या वर-खाली हादऱ्यांनी नाही, तर जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे घसरतात म्हणून. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने 1969 मध्ये हे प्रयोग करून दाखवलं. अशा आडव्या हालचालीत नट कोणी हात न लावता आपोआप उलगडत जातो. आपण मोठ्या विश्वासाने घालतो तो स्प्रिंग वॉशरही त्याच्यापुढे फारसा टिकत नाही.

मग करायचं काय? बोल्ट पूर्ण काढा. सहा मिलिमीटरच्या बोल्टला दहा नंबरचा पाना लागतो, काही गाड्यांना अ‍ॅलन की किंवा टॉर्क्स बिट. आटे तपासा. चांगले असतील तर ब्रशने गंज आणि माती काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पुसा आणि निळ्या थ्रेड लॉकरचा एकच थेंब लावा. निळाच! लाल लावलात तर पुढच्या वेळी बोल्ट काढायला तो चांगलाच तापवावा लागेल, आणि शेजारी रंग, प्लास्टिक, रबर. थ्रेड लॉकर हवा नसेल आणि धातूला स्पर्श असेल तरच घट्ट होतो, म्हणून तर बाटलीत तो पातळ राहतो. पूर्ण ताकद यायला चोवीस तास द्या. आवळून लगेच लोणावळ्याला निघू नका.

एक सावधगिरी. हा द्रव प्लास्टिकवर सांडू देऊ नका. काही प्रकारच्या प्लास्टिकला त्याने बारीक तडे जातात. स्क्रू थेट प्लास्टिकच्या घरात बसत असेल तर थ्रेड लॉकर विसरा. मागून नट बसत असेल तर नायलॉक नट घ्या. त्यातली नायलॉनची कडी आट्यांना घट्ट धरून बसते.

आटे गेलेले असतील तर थोडी मेहनत आहे. मला भेटलेल्या एका गॅरेजवाल्या काकांचं वाक्य आहे, "ताई, पत्र्याचं भोक मोठं झालं की स्क्रू मोठा करून भागत नाही, तो उद्या परत भोक मोठं करतो." बरोबर आहे त्यांचं. अशा वेळी रिव्हेट नट बसवून घ्या, किंवा दाराचं आतलं पॅनेल काढून मागून दोन-तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी द्या, म्हणजे जोर सगळ्या पत्र्यावर वाटला जाईल. उघड्या पत्र्याला झिंक प्रायमर मारा, कोकणात गाडी फिरत असेल तर हे टाळूच नका. पॅनेलमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो फाडून टाकू नका. दारात शिरलेलं पाणी आत केबिनमध्ये येऊ नये म्हणून तो असतो.

पाया आणि पत्रा यांच्यातलं रबर वाळलं असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा त्या आकारात कापून घालता येतो. मस्त जुगाड आहे. फक्त एकच थर. तीन-चार थर घातले की रबर दबत राहतं आणि बोल्ट परत ढिला पडतो.

सांध्याकडे वळू. जुन्या जीपच्या लांब दांड्याच्या आरशाला खाली नट असतो. तो पाव फेरा आवळा, हलवून बघा, मग पुन्हा पाव फेरा. आरसा जागेवर राहिला पाहिजे, पण हाताने जोर दिल्यावर वळलाही पाहिजे. एखाद्याला धक्का लागला तर तो मागे घडी होतो, त्या माणसाच्या खांद्यासाठी ते महत्त्वाचं आहे. म्हणून एम-सील भरून किंवा वेल्डिंग मारून सांधा जाम करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. कुरकुर येते म्हणून तिथे तेलाचा स्प्रेही मारू नका. तो सांधा घर्षणावरच उभा आहे. विजेवर घडी होणाऱ्या आरशात आत मोटर आणि गिअर असतात, तिथे मी स्वतः हात घालत नाही.

राहिली काच. ती आतल्या प्लेटवरून सुटली असेल तर गाड्यांसाठी मिळणारा चांगला फोमचा डबल टेप लावा. सिलिकॉन वापरायचं असेल तर न्यूट्रल क्युअर मागा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन आरशाच्या मागचा थर खातं, आणि काही महिन्यांत काळे डाग दिसायला लागतात. काच फुटली म्हणून काचवाल्याकडून साधी सपाट काच कापून बसवू नका. मूळ काच बहिर्गोल असते, त्यामुळे जास्त रस्ता दिसतो. सपाट काचेत तेवढा भाग कापला जातो, आणि तो नेमका डावीकडून घुसणाऱ्या स्कूटरचा असतो.

सगळं झालं की नट आणि पाया यांवरून पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढा आणि फोटो काढून ठेवा. आठवडाभर गाडी चालवा, खड्ड्यांतूनही. मग रेघ बघा. ती जुळलेली असेल तर बोल्ट जागचा हललेला नाही. तुटलेली दिसली तर कोणता बोल्ट आणि किती फिरला, हे तिथेच कळेल. तुमच्या रेघेचे आधीचे आणि नंतरचे फोटो मला पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.